दुसऱ्या कंट्रोलरची वायर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी थांबतो.

झालं? मग ऐका. हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. कुणाच्या मित्राच्या मित्राने सांगितलेलं नाही. आणि रात्रही नव्हती. रविवारची लख्ख दुपार होती. आम्ही नुकतेच जेवून उठलो होतो, खाली कुणीतरी गाडी धूत होतं.

माझं दुकान आहे. टीव्ही, डिस्क प्लेअर, स्पीकर, गेमचे कन्सोल. विकतो आणि घरी जाऊन बसवूनही देतो. लोकांच्या भिंतींना भोकं पाडण्यात आयुष्य गेलं माझं. त्यामुळे कुठल्या स्पीकरमधून आवाज येतो आणि कुठल्यातून येऊच शकत नाही, हे मला कुणी शिकवू नये.

तर...

ताईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, एक जुना फ्लॅट घेतला. चौथा मजला, वर थेट गच्ची. आधी तिथे एक निवृत्त नर्सबाई आणि त्यांचे मिस्टर राहायचे. म्हातारं जोडपं, मूलबाळ नाही. जाताना त्यांनी हॉलच्या कोपऱ्यातलं लोखंडी कपाट, त्यावरचा डबा टीव्ही आणि एक जुनाट व्हिडिओ गेम तसाच मागे ठेवला.

किल्ल्या देताना नर्सबाई एवढंच म्हणाल्या, "तो कोपरा मात्र हलवू नका हं."

"म्हातारपणी व्हिडिओ गेम! वा रे वा!" दाजी पोट धरून हसले. दाजी म्हणजे ताईचे मिस्टर. माणूस सोन्यासारखा, पण जिभेला हाड नाही.

त्या गेमला दोन कंट्रोलर होते. दोन्ही वायरवाले. एक मोकळा.

दुसऱ्याची वायर कपाटाच्या पायाला गुंडाळलेली होती... गाठीवर गाठ, गाठीवर गाठ.

ताईची लेक चिऊ सात वर्षांची. शाळेतून आली की रोज त्यावर गाड्यांची शर्यत खेळायची. एकटीच. पण ती म्हणायची, "मी आणि दादा खेळतो."

"कोण गं दादा?" मी एकदा विचारलं.

"कोपऱ्यात बसतो तो. त्याची वायर पुरत नाही ना, म्हणून तिथेच बसतो. पण मामा, तो डाव कधीच अर्धा सोडत नाही हं. मला पण सोडू देत नाही."

एकुलतं एक पोर. करमत नाही, मनानेच काहीतरी रचत असेल. आम्ही कौतुकाने ऐकून घेतलं. पोरं बोलतात आणि मोठी माणसं माना डोलावतात, दुसरं काय.

मग दाजींनी टुमणं लावलं. "काय मेव्हणे, स्वतःचं दुकान आणि बहिणीच्या घरी हा डबा? दिव्याखाली अंधार! मॅचमध्ये चेंडू शोधायला चष्मा लागतो हो मला."

झालं. माझा स्वाभिमान जागा झाला. पुढच्याच रविवारी मी सगळं घेऊन हजर. भिंतीएवढा टीव्ही, हाय डेफिनिशन डिस्क प्लेअर, पाच स्पीकर आणि नवा कोरा गेमिंग कन्सोल. त्याचे दोन्ही कंट्रोलर बिनवायरचे.

जुना पसारा काढायला बसलो. गाठी काही सुटेनात. नखं दुखायला लागली, डोकं फिरलं. शेवटी पिशवीतून कटर काढला.

कच्च.

सोफ्यावर बसलेल्या चिऊने टाळ्या वाजवल्या. "दादा उठला! दादा उठला!"

आम्ही तिघेही हसलो.

पण चिऊचं हसू थांबलं. ती कोपऱ्याकडे बघत होती. बघता बघता तिची मान वर व्हायला लागली... आणखी वर... पार छताकडे.

"मामा," ती हळूच म्हणाली, "तो केवढा उंच आहे..."

हसून सोडून दिलं मी. हो, तेव्हासुद्धा हसलो.

संध्याकाळपर्यंत कोण थांबणार? दाजींना धीर कुठला! ताईने पडदे ओढले, मी पहिली डिस्क घातली. बर्फातला सिनेमा होता. बर्फाचा कण न् कण दिसत होता. दाजी तर लहान मुलासारखे मांडी घालून टीव्हीपुढे बसले. एका प्रसंगात सगळं शांत होतं. फक्त वारा.

आणि मागून... कुणीतरी हसलं.

बारीक. घशातल्या घशात.

"अरे वा!" दाजी मांडीवर थाप मारून म्हणाले. "काय आवाज आहे! कानाशी येऊन हसल्यासारखं वाटलं!"

मी वळून मागच्या डाव्या स्पीकरकडे बघितलं. आवाज तिथूनच आला होता. मला त्यात शंकाच नाही.

त्या स्पीकरची वायर अजून माझ्या पिशवीत होती. मी तो जोडलेलाच नव्हता.

पण बोललो नाही. काय बोलणार? मीच बसवणारा, मीच घाबरलो तर गिऱ्हाईक... म्हणजे ताई काय म्हणेल?

सिनेमा बंद करून चिऊला कन्सोल लावून दिला. तिने एक कंट्रोलर हातात घेतला. दुसरा खोक्यातच होता, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

पडद्यावर अक्षरं आली... "दुसरा खेळाडू आला आहे."

खोक्यात घर्रर्र झालं. प्लास्टिकच्या आत निळा दिवा लागला.

"शेजाऱ्यांचा कुणाचा तरी जोडला गेला असेल," मी म्हणालो. उचलली जीभ, लावली टाळ्याला. शेजारचा फ्लॅट रिकामा होता.

त्यानंतर ताईचे फोन सुरू झाले. आता ताई काही घाबरणारी बाई नाही. पाल दिसली तर आम्ही दोघे पुरुष खुर्चीवर चढतो आणि ती चप्पल शोधते. पण तिचा आवाज वेगळाच लागत होता.

"अरे, गेमचा तो दुसरा रिमोट सकाळी ओट्यावर होता. मी उचलून कपाटात ठेवला. आत्ता बघते तर चिऊच्या गादीवर."

"चिऊनेच नेला असेल."

"चिऊ शाळेत आहे."

मग तीच म्हणाली, "आणि एक सांगू? हल्ली ती घरात चालताना ना... एक हात वर धरून चालते. कुणाचं तरी बोट धरल्यासारखा. पण इतका वर का धरते रे? तिच्या बाबांचं बोटसुद्धा इतकं वर नसतं."

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. वायर होती, तोवर तो कोपऱ्यात होता. मी बिनवायरचा आणून दिला... सगळं घर मोकळं करून दिलं.

पुढच्या रविवारी मी तो कंट्रोलर काढून आणायलाच गेलो होतो. चिऊ हॉलमध्ये खेळत होती. आम्ही तिघे स्वयंपाकघरात, चिऊला ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात बोलत होतो. हॉलमधून गाड्यांचे आवाज येत होते. घूं... घूं... मधेच चिऊचं हसणं.

मग हसणं थांबलं.

मग गाड्याही थांबल्या.

"चिऊ?" ताईने हाक मारली.

आम्ही हॉलमध्ये धावलो.

हॉलमध्ये कुणीच नव्हतं. सोफ्यावर चिऊचं दप्तर तेवढं होतं. पडद्यावर शर्यत अर्ध्यात थांबलेली. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी. त्यावर एक ओळ आली होती...

"दुसरा कंट्रोलर टप्प्याबाहेर गेला आहे."

मी वाचतोय तोवर तिच्याखाली दुसरी ओळ उमटली.

"पहिला कंट्रोलर टप्प्याबाहेर गेला आहे."

लोकांना तो निरोप कळला नसता. मला कळला, कारण तो टप्पा मीच मोजून बघितला होता. घरात कुठेही गेलं तरी कंट्रोलर चालतो. दाराबाहेर गेलं की तुटतो.

दार सताड उघडं होतं.

"गच्ची!" मी ओरडलो. का ओरडलो, माहीत नाही. पाय आपोआप वर पळाले. गच्चीच्या दाराला कायम कुलूप असायचं. ते कुलूप खाली पडलं होतं.

चिऊ कठड्यावर उभी होती.

माझं बाळ ते... एका हातात कंट्रोलर, दुसरा हात सरळ वर. टाचा उचललेल्या. तिच्यासमोर मोकळी हवा, आणि त्या हवेत, तिच्या डोक्याच्याही किती तरी वर, दुसरा कंट्रोलर लटकत होता. निळा दिवा चालू.

मागोमाग ताई आणि दाजी वर आले.

मी झेप घेतली आणि चिऊच्या कमरेला मिठी मारली. मागे ओढलं.

पलीकडूनही कुणीतरी ओढलं.

खोटं सांगत असेन तर माझी जीभ झडो. सात वर्षांची पोर ती, पण माझे पाय घसरत कठड्यापर्यंत गेले. तिचा वरचा हात ताठ झाला होता, आणि ती रडत नव्हती. हसत म्हणत होती, "सोड ना मामा, तिकडे खूप जागा आहे म्हणतो दादा."

देव आठवला नाही, काही आठवलं नाही. आठवलं ते चिऊचंच बोलणं.

"डाव अर्धा राहिलाय!" मी जिवाच्या आकांताने ओरडलो. "ऐकतोयस ना? खाली डाव अर्धा राहिलाय! तिला सोड. मी खेळतो तुझ्याशी. मी पुरा करतो!"

ओढ थांबली.

एकदम. आम्ही दोघे मागे आपटलो. चिऊ मोठ्याने रडायला लागली आणि ताईने तिला माझ्या हातातून हिसकावून छातीशी धरलं. दुसरा कंट्रोलर माझ्या पायाशी पडला होता. उलटा. दिवा बंद.

त्याच दिवशी नर्सबाईंना फोन लावला. सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "गाठी सोडल्यात?"

"कापल्या."

"अरे देवा..."

"कोण आहे तो बाई?"

"ते आम्हाला तरी कुठे माहीत! आम्हीही दोन कंट्रोलर ठेवले आणि तो येऊन बसला. ह्यांनी वायर बांधली. मग रोज एक डाव खेळायचो, आळीपाळीने. खेळलं की गप असायचा बिचारा. आता ह्यांना दिसत नाही, माझी बोटं चालत नाहीत. म्हणून निघालो. सांगितलं असतं तर तुम्ही घर घेतलं असतं का?"

राग आला, पण गिळला. रागावून चिऊच्या डोक्यावरची टांगती तलवार थोडीच हटणार होती?

ताईकडून उचलून आणलेला जुना गेम माझ्या दुकानाच्या माळ्यावर पडला होता. कापलेली वायर सोल्डरिंगचा डाग देऊन जोडली. काउंटरच्या लोखंडी पायाला गुंडाळली, गाठीवर गाठ मारली. डबा टीव्ही लावला, पहिला कंट्रोलर हातात घेतला आणि वाट बघत बसलो. घामाने बोटं घसरत होती.

दुसरी गाडी हलली.

दचकायला हवं होतं ना? खरं सांगतो, मी रडलो. सुटल्यासारखं वाटलं. कारण तो इथे असला, म्हणजे चिऊपाशी नाही.

तेव्हापासून रोज दुपारी शटर अर्धं ओढून एक डाव खेळतो. ताईच्या घरात आता कन्सोल नाही. टीव्ही आहे, सिनेमे बघतात, आणि मागचा डावा स्पीकर मी काढून आणलाय. चिऊ नीट जेवते, नीट झोपते, दोन्ही हात खाली ठेवून चालते. गिऱ्हाइकं मला येडा समजतात. समजू देत.

मला दुसऱ्या गाडीची भीती वाटत नाही. ती उभी राहिली, तर वाटते.

मागच्या गुरुवारी ती उभी राहिली.

शर्यत सुरू झाली. माझी गाडी पुढे गेली... दुसरी रेषेवरच. मी परत सुरू केलं. रेषेवरच. "ये ना रे," मी म्हणालो. "चल, खेळू." खाली बघितलं. गाठी जशाच्या तशा होत्या. वायरही जोडलेली होती. तरी मी बसून राहिलो. किती वेळ, देव जाणे.

मग ताईला फोन लावला. "चिऊ कुठे आहे?"

"आत आहे. खेळतेय." ताईच्या आवाजात हसू होतं. "ऐक ना, किती खिदळतेय..."

दुकान उघडं टाकून पळालो मी. ताईला ढकलूनच आत गेलो. चिऊ जमिनीवर बसली होती, ठोकळ्यांचं घर रचत होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी तिला उचलून घट्ट धरलं.

तिने माझ्या खांद्यावरून कोपऱ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"मामा, तू इकडे कसा आलास?" ती म्हणाली. "आत्ताच तर दादा सांगत होता, तू अजून तिकडे त्याची वाट बघत बसलायस म्हणून."

शुक्रवारी दुसरी गाडी पुन्हा धावली. काल धावली. आजही धावली. दादा अजून येतो का, हे मी चिऊला विचारलेलं नाही. माझी हिंमत होत नाही.