नुसत्या रेघांचं चित्र

पीटर्सबर्गच्या त्या कलामासिकाला तीन वर्षांतच घरघर लागली. बड्यांच्या दिवाणखान्यांतली चित्रं साध्या माणसाच्या घरी पोचवायची हौस दांडगी, पण वर्गणीदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. हा शेवटचा अंक. त्यात येवलांपीने तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं एकच चित्र जायचं होतं: विहिरीवर उभी बाई. मूळ चित्र जमीनदाराच्या हवेलीसकट जळालं होतं, आणि ते काढणारा तेरेंती त्याआधीच क्षयाने गेलेला. येवलांपीने ते एकदाच पाहिलं होतं, आठवणीतून कोरलं होतं. हे बिघडलं तर तेरेंतीच्या हातचं जगात काही म्हणता काही उरणार नव्हतं.

दुपारी तेरेंतीची विधवा ग्लाफिरा छापखान्यात आली. विहिरीवरची बाई तीच. पहिला ताव तिने खिडकीच्या उन्हात धरला.

"सगळं आहे हो दादा. पण ऊन कुठंय? माझी सावली रंगवायला त्यानं आठवडा घालवला होता."

"आमच्या मासिकात नुसत्या रेघाच असतात, बाई. सावली कुठल्याच चित्राला देत नाही." येवलांपीला बोलताना फार वाईट वाटलं.

ती यंत्र फिरवणाऱ्या कार्पशेजारी जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या तावावर बाईच्या पायाशी करडा डाग उमटला.

"कार्प, पत्रा नीट पूस की!"

"घ्या! बारा वर्षं यंत्र फिरवतोय, आता मला पुसायला शिकवा!" कार्प फणकारला, पण त्याने पत्रा लख्ख पुसला. येवलांपीने बोट फिरवून पाहिलं. तिथे तांबं गुळगुळीत होतं, एकही रेघ कोरलेली नव्हती.

तिसऱ्या तावावर डागाची सावली झाली. डोक्यावरच्या रुमालाची गाठसुद्धा दिसत होती.

"मी नाही बाबा हात लावत याला," कार्प मागे सरला.

येवलांपीची नजर तावावरून हटेना. कागदावर असं ऊन त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

"फिरव," तो हळूच म्हणाला.

चौथ्या तावावर खालच्या कडेने एक पुरुषी सावली आत आली. किडकिडीत, जरा वाकलेली, हातात कुंचला.

"तोच," ग्लाफिरा म्हणाली. "अजून एक काढा."

पाचव्या तावावर दोन्ही सावल्या विहिरीच्या काठाशी एक झाल्या होत्या.

"आता छापा खुशाल." तिने कमरेत वाकून नमस्कार केला आणि निघाली.

दोघे खिडकीशी गेले. ऊन कलतं होतं. खांबांच्या, घोड्यांच्या, पार कावळ्यांच्यासुद्धा लांबच लांब सावल्या बर्फावर पडल्या होत्या. ग्लाफिरा त्यांच्यामधून सावकाश चालत गेली.

तिच्या पायाशी बर्फ पांढराशुभ्र होता.