शिलाईच्या खोलीतली ट्यूब

सरका असे जवळ. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. हे घडलं माझ्या साडूच्या बाबतीत. तो वायरमन. थापा मारणं त्याला जमत नाही. बायकोशीसुद्धा खरं बोलतो, म्हणून तर रोज बोलणी खातो.

गेल्या वर्षी जानेवारीतला शेवटचा शनिवार. नुकताच अंधार पडला होता. टेलरमास्तरांचा फोन आला, "शिलाईच्या खोलीतली ट्यूब लागत नाही. लगेच ये." मास्तरांची बायको पावसाळ्यात गेलेली, मशीनवर बसल्या बसल्या. मूलबाळ नाही. साडूनं एक एलईडी ट्यूब घेतली, स्टार्टर खिशात टाकला आणि गेला.

स्टुलावर चढून बघतो, तर ट्यूबची दोन्ही टोकं काळीठिक्कर.

"मास्तर, ही संपली. मीच तर बसवली होती, एवढ्यात कशी गेली? सारखी चालू-बंद करता काय?"

मास्तरांनी बटणावरचा हात मागे घेतला.

"अहो, लावताना टोकांच्या तारा तापतात. चोक झटका देतो. मग आतल्या पाऱ्याच्या वाफेतून वीज धावते आणि काचेला आतून लावलेली पांढरी पावडर उजळते. पण दर वेळी त्या तारांवरचा थर थोडा झडतो. रात्रभर जळून ट्यूब मरत नाही इतकी, सारखी लावून मरते. आता ही एलईडी घ्या. चोक नको, स्टार्टर नको. बटण दाबलं की लख्ख."

"लख्ख नको मला!" मास्तर ओरडले. मग त्यांनी हात जोडले. "लागताना लपलपते ना... तेवढ्यात ती दिसते. मशीनवर. काहीतरी सांगते मला, ओठ हलतात. उजेड स्थिरावला की कुणी नाही. म्हणून मी बंद करतो. पुन्हा लावतो." ते थांबले. "म्हणजे ही ट्यूब मीच संपवली..."

साडूनं हातातली एलईडी खाली ठेवली.

"एकदाच लाव रे. पाया पडतो तुझ्या. काय म्हणते तेवढं कळू दे."

साडूनं नवा स्टार्टर बसवला. मास्तरांनी बटण दाबलं.

लप.

मशीनवर कुणीतरी बसलेलं. पाठमोरं.

अंधार.

लप.

ती उभी होती.

अंधार...

लप.

स्टुलाजवळ. मान वर. ओठ भराभर हलत होते. आवाज नाही.

"काय गं? काय म्हणतेस? मोठ्यानं बोल ना..."

टोकांना दोन नारिंगी ठिपके उरले. मग तेही विझले.

अंधारात नुसतं बटण वाजत राहिलं. खट. खट. खट.

"मास्तर... पुरे."

खट.

साडूनं कसाबसा मोबाइल काढला, त्याच्या उजेडात मास्तरांना धरून खाली बसवलं. जोडणी बदलून एलईडी लावली. खोली लख्ख झाली. मशीनसमोर कुणी नव्हतं. मास्तरांनी त्या उजेडाकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून लहान मुलासारखे रडू लागले.

जुनी ट्यूब साडू घरी घेऊन आला. सकाळी उन्हात धरली, तेव्हा दिसलं. मधोमध पांढरी पावडर खरवडली गेली होती. पाच रेघा. बोटांच्या.

त्यानं फडक्यानं पुसून पाहिल्या. मीही पुसून पाहिल्या.

रेघा आतून होत्या. काचेला साधा तडासुद्धा नव्हता.