बाईंचा रकाना

खरं सांगायचं तर चूक माझीच. बाई वारल्या त्याच आठवड्यात त्यांचा रकाना बंद करायला हवा होता.

आमच्या ऑफिसात चार साहेबांच्या भेटीगाठींच्या वेळा मी सांभाळते. संगणकावर सहा रकाने दिसतात. चार साहेबांचे, एक माझा आणि शेवटचा बाईंचा. हे काम मला त्यांनीच शिकवलं. तेव्हा जाडजूड डायरी असायची आणि बाईंच्या कानामागे पेन्सिल. "अगं, कुणाला नाही म्हणायचं नाही. पुढची वेळ द्यायची," असं म्हणत डब्यातली अर्धी भाजी माझ्या पुढ्यात सरकवायच्या. खोडरबराचा तो वास आठवला की अजून गलबलून येतं. म्हणून रकाना ठेवला. वर्षभर तो रिकामाच होता.

मग एका सोमवारी त्यात नोंद दिसली. अकरा वाजता, ड्रायव्हरकाका. कुणीतरी चेष्टा केली असेल म्हणून मी हसले. सव्वाअकराला खालून फोन आला. काका गाडीत बसल्या जागीच गेले होते.

गुरुवारी दुपारी दुसरी नोंद आली. चार वाजता, धाकटे साहेब.

साडेतीन होऊन गेले होते. साहेबांचं बाळ सव्वा महिन्याचं. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती, आणि कुठूनतरी खोडरबराचा वास...

"बाई," मी पुटपुटले, "यांना नको ना... यांना पुढची वेळ देते." आणि ती नोंद चांगली चाळीस वर्षं पुढे ढकलली.

चार वाजले. धाकटे साहेब दारातून डोकावले. "काय हो, चहा मिळेल का?"

मला रडूच फुटलं. डोळे पुसून पाहते, तर बाईंच्या रकान्यात नवी नोंद. उद्या चार वाजता. माझ्या नावाची.

बाईंना भेटायला मला का आवडणार नाही? पण मुलीचं लग्न व्हायचंय. तिला वडील नाहीत, माझ्याशिवाय आहे कोण? माझी नोंदही चाळीस वर्षं ढकलून पाहिली, जागची हलेना. एक दिवस मात्र सरकली. तेव्हापासून रोज सकाळी आल्याआल्या आधी तेवढंच करते. सुट्टीच्या दिवशीही काहीबाही निमित्त काढून येते. दारावरचा पहारेकरी हसतो मला.

काल संध्याकाळी घरी मुलाकडची मंडळी आली होती. लग्नाची तारीख पक्की झाली, पुढच्या महिन्याची अठरा. ऑफिसात अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आज सकाळी येऊन पाहिलं, तर माझी नोंद कुणीतरी आधीच सरकवून ठेवलेली. पुढच्या महिन्याची एकोणीस, चार वाजता.

हलवून पाहिली. आता एक दिवसही हलत नाही.