नवव्या होलचं गवत

बॉल थेट त्याच्या डब्यात पडला. घावण्यांवर.

खरं तर मी मारला होता समोर, चौथ्या होलकडे. पण तो उजवीकडे वळला, कातळावर एक टप्पा घेतला आणि आंब्याच्या कलमाखाली डबा उघडून बसलेल्या माणसापुढे जाऊन पडला. मी धावत गेले. चालत जाणं मला लहानपणापासून जमत नाही. बघते तर तो घावण्यातल्या बॉलकडे शांतपणे बघत होता, जसं काही रोज सकाळी सात वाजता चटणीसोबत त्याला हेच वाढतात.

"सॉरी... लागला नाही ना?"

"मला नाही. घावण्याला लागला."

"मी... उचलू?"

"उचला की. का इथूनच मारताय?"

"नियम काय सांगतो?" मी हसू दाबत विचारलं.

"नियम पुस्तकात बघावा लागेल." त्याने डबा पुढे केला. "पण आमच्यात डब्यात घातलेला हात रिकामा काढत नाहीत. एक घ्या."

मी घेतलं. उभ्याउभ्या, एका हातात काठी नि दुसऱ्या हातात घावणं. गोल्फच्या कुठल्याच पुस्तकात हे बसत नसणार, पण घावणं मात्र जाळीदार, मऊ, अगदी आत्ताच तव्यावरून उतरल्यासारखं होतं.

त्याचं नाव गुरुप्रसाद. आरे-वारेच्या पुढे सड्याच्या उघड्या माळावर एका रिसॉर्टवाल्याने कातळावर माती टाकून नऊ होलचं छोटं मैदान केलंय, तिथलं गवत याच्या ताब्यात. दापोलीला शेती शिकलेला माणूस, घरची कलमं आहेत, आणि रोज पहाटे हा दोन दांड्यांचं लोखंडी नळकांडं घेऊन नऊ ग्रीनवर फिरतो. ग्रीन म्हणजे होलभोवतीची बारीक कातरलेली हिरवळ. कालचा होल बुजवायचा, नवा दुसरीकडे कापायचा. एकाच जागी होल राहिला तर माणसांच्या पायांनी भोवतालचं गवत मरतं. म्हणून होल रोज हलतो. कुठे हलवायचा, ते गुरुप्रसाद ठरवतो.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. माझ्या नंतर फार लक्षात राहिलं.

आता माझं. मी निशिगंधा, वय सत्तावीस. बाबा जहाजावर इंजिनियर, घरी मी आणि आई. दोन वर्षं मी रत्नागिरीत घरून पुण्याच्या कंपनीचं काम करत होते, आणि दोन वर्षं माझा पाय घरात ठरत नव्हता. पुण्यात असताना गोल्फ शिकले होते, बाबांनी कुठल्याशा बंदरातून काठ्यांचा जुना संच आणून दिला होता. त्यात अडकले ती अडकलेच. गोल्फमध्ये हँडिकॅप नावाचा आकडा असतो. तुम्ही किती कच्चे आहात ते तो सांगतो; जितका कमी तितकं बरं. माझा अठरा पूर्णांक चार होता. फेब्रुवारीत पुण्याला हौशी बायकांची स्पर्धा होती, आणि तिथे प्रवेश फक्त अठरा किंवा त्याखाली. आणि तो आकडा जानेवारीच्या शेवटच्या रविवारपर्यंत उतरवायचा.

जानेवारीतच कंपनीची मेल आली – फेब्रुवारीपासून ऑफिसात या, नाहीतर कळवा. मी उत्तर दिलं नाही. मनाशी पण केला: अठरा झाले तर पुणं. नाही झाले तर रत्नागिरी, आई आणि मुकाट्याने बसणं. आयुष्याचा निर्णय बॉलवर सोपवणारी मी एकटीच वेडी असेन, पण मला स्वतःवर सोपवायची त्याहून जास्त भीती वाटत होती.

आकडा उतरवायचा तर पूर्ण फेरी खेळायची, म्हणजे नऊ होल दोनदा, आणि कोणीतरी बरोबर चालून कार्डावर सही करायची. ती सही आप्पांची. आप्पा मैदानावर रोज खेळायला येणारे निवृत्त कॅप्टन, जहाज सुटलं तरी हुकूम सुटले नव्हते. त्यांच्या हिशोबाने मला नव्वद किंवा त्याहून कमी फटक्यांत एक फेरी हवी होती. मी त्र्याण्णवला घुटमळत होते.

मग मी पहाटेच जायला लागले. सरावाला, असं आईला सांगून.

"तुम्ही मारता आधी आणि बघता नंतर," एकदा गुरुप्रसाद होल कापता कापता म्हणाला.

"मग काय, कुंडली बघून मारू?"

"एक श्वास घेऊन मारा."

"तेवढ्यात पुढचा होल येतो."

"तो कुठे जात नाही. उद्या सकाळपर्यंत तरी नाही." त्याने मातीचा गोल गड्डा अलगद उचलला, कालच्या खळग्यात बसवला आणि तळव्याने दाबला. हात दवाने नि मातीने माखलेले. मी फारच वेळ त्या हातांकडे बघत राहिले, आणि मग उगाचच बूट बांधायला बसले. ते बांधलेलेच होते.

दुसऱ्या आठवड्यात सकाळीच अवकाळी सर आली. आम्ही दोघे यंत्रांच्या शेडमध्ये शिरलो. पत्र्यावर पाऊस तडतडत होता, आत पेट्रोलचा आणि ओल्या गवताचा वास, आणि शांत म्हणवणारा गुरुप्रसाद दारापासून खिडकीपर्यंत येरझारा घालत होता.

"अय्या... तुलासुद्धा बेचैन होता येतं?" 'तू' कधी सुरू झालं होतं ते आठवत नाही.

"मोहोर आहे ना बाहेर. या पावसाने काळा पडतो." तो थांबला. "एवढं फुललेलं असतं, आणि आपण नुसतं बघत उभं राहायचं."

हे बोलताना तो बाहेर बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता. अशा वेळी मी करते तेच केलं – बडबड. पुणं, स्पर्धा, ऑफिस, सगळं भडाभडा सांगून टाकलं.

"मग... परत येणार नाहीस?" त्याने विचारलं.

"परत येऊन काय करू? इथे आहे काय?"

झालं. बोलून गेले. तो "हो, तेही खरंच," म्हणाला, आणि सर थांबायच्या आत मोहोर बघायला निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून होल अवघड झाले.

दुसरा होल उंचवट्यामागे. पाचवा अगदी कडेला, जरा जोर लागला की बॉल खाली झुडपात. नववा उतारावर, जिथून बॉल समुद्राकडे पळायचा. ग्रीनपर्यंत मी कधी नव्हे इतकी नीट पोचत होते आणि तिथे तीन-तीन, चार-चार फटके घालवत होते. चौऱ्याण्णव. पंचाण्णव. रात्री डोळे मिटले की उतारावरून गडगडणारा बॉल दिसायचा. आईने भरलेलं ताट तसंच परत जायचं.

"मुद्दाम करतोस?" मी एकदा सरळ विचारलं.

"गवताला विश्रांती द्यावी लागते," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

गुरुवारी शहाण्णव झाले. नवव्या ग्रीनशेजारी बसून मी रडले. चांगली, नाक लाल होईपर्यंत. डोकं वर केलं तेव्हा तो पाण्याची नळी हातात धरून लांब उभा होता. नळीचं पाणी त्याच्या बुटांवर पडत होतं, आणि त्याला ते कळत नव्हतं.

शनिवारी पहिल्या होलला बॉल दोन फुटांवरून आत गेला. दुसऱ्या होलला सहा फुटांवरून आपोआप वळून आत गेला. तिसऱ्या होलला आप्पा म्हणाले, "निशी, आज काय खाऊन आलीस गो?" सातव्यापर्यंत माझ्या लक्षात आलं. प्रत्येक होल ग्रीनच्या सखल भागात, वाटीच्या तळासारखा. जोरात मारा, हळू मारा, बॉल घरंगळून तिथेच जाणार. नऊ होल संपले तेव्हा फटके झाले होते एक्केचाळीस. एवढे कमी मला कधीच लागले नव्हते. तसेच आणखी नऊ, की पुणं.

मी काठी खाली टाकली.

"अगो, चाललीस कुठे? फेरी अर्धी ऱ्हायलीय!" आप्पा ओरडले.

"फेरी संपली, आप्पा."

गुरुप्रसाद शेडमध्ये पात्यांना धार लावत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. रागाने माझा आवाज फाटत होता.

"दोन आठवडे मला बुडवलंस. आज वर काढतोयस. मी काय खेळणं आहे तुझं?"

त्याने पातं खाली ठेवलं. मग म्हणाला, "तू म्हणालीस ना, इथे आहे काय..."

"मग?"

"मग मला वाटलं, तुला अठरा जमलेच नाहीत तर... राहशील. म्हणून अवघड कापले. रोज सकाळी ठरवायचो, आज नको – आणि हात तिथेच जायचा." त्याने हात पुसले. पुसलेलेच हात परत पुसले. "गुरुवारी तुला बघितलं. एवढं वाईट वाटलं निशिगंधा, की म्हटलं जाऊ दे. जाऊ दे हिला. रात्रभर जागून एकेक सोपी जागा शोधली."

मला काय वाटलं ते सरळच सांगते. त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली, आणि त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. दोन्ही एकदम. दोन्हीतलं काहीच केलं नाही.

"उद्या शेवटचा दिवस," मी म्हटलं. "उद्या होल तू ठरवायचे नाहीस."

"मग कोण? तू?"

"मी पण नाही."

ठरवले मालनकाकूंनी. आप्पांच्या सौभाग्यवती. गोल्फ म्हणजे रिकामटेकड्यांचा धंदा, यावर त्या चाळीस वर्षं ठाम. रविवारी पहाटे आम्ही त्यांना घेऊन नऊ ग्रीन फिरलो. पुढे काकू छत्री टेकत, मागे गुरुप्रसाद नळकांडं घेऊन.

"ही एवढीशी गल? पोरांच्या गोट्यांची बरी यापेक्षा! पाड हितं." छत्री रुतवायच्या. "हितं नको, हितं मुंगळे हायत." नवव्याला त्यांनी समुद्राकडे बघितलं, पदराने कपाळ पुसलं आणि ग्रीनच्या बरोब्बर मधोमध छत्री रोवली. "हितंच पाड. वारा बरा लागतो."

मग आमच्याकडे आळीपाळीने बघून म्हणाल्या, "काय ती दोघं एकमेकांस्नी बघायची नायत. कालवण आंबलं की काय?"

फेरी सुरू झाली. काही होल सोपे होते, काही भयंकर, आणि कशातच कुणाचा राग-लोभ नव्हता. बॉल पडला तर माझा, हुकला तर माझा. आश्चर्य म्हणजे माझे पाय शांत झाले होते. मी चालत होते. चालत! पण जसजसा आकडा जवळ येत होता, तसतसं ते पुणं मला आणखीच नकोसं व्हायला लागलं होतं.

शेवटचा होल, म्हणजे नववाच दुसऱ्यांदा. झालेले फटके एकोणनव्वद, बॉल पाच फुटांवर. हा गेला तर नव्वद.

गुरुप्रसाद लांब, शेडच्या दाराशी. वाकडा मारला असता तर कुणाला कळलं असतं? अठरा झाले नाहीत, काय करणार, राहिले – असं म्हणत राहता आलं असतं. कोणालाच काही सांगावं लागलं नसतं. त्याला नाही, मला नाही. पण मग मी तरी त्याच्याहून वेगळं काय केलं असतं?

एक श्वास घेतला. मारला.

बॉल आत पडल्याचा आवाज एवढासाच येतो, पण तो मला अजून ऐकू येतो.

"नव्वद!" आप्पांनी कार्डावर सही ठोकली. "अठरा! निशी, पुण्याची तयारी कर!"

मी मात्र शेडकडे चालत गेले. तो हसत होता. फार वाईट हसत होता बिचारा.

"झालं ना. कधी निघतेस?"

"उद्या. स्पर्धा गुरुवारी संपते, शुक्रवारी परत."

"परत म्हणजे... सामान न्यायला?"

"ऑफिसला सकाळीच कळवलंय. फेरीच्या आधी. इथून काम चालत असेल तर ठेवा, नाहीतर दुसरं बघते." माझा आवाज पुन्हा फाटला, पण यावेळी रागाने नाही. "इथे काय आहे म्हणाले होते ना मी... चुकलं माझं. तू आहेस."

मग त्याने माझा हात धरला, मातीच्या हाताने, अगदी अलगद. तो गवताचा गड्डा उचलायचा तसा.

"एक काम कर," मी म्हटलं. "मी येईपर्यंत नववा होल हलवू नकोस."

"पाच दिवस? एकाच जागी? गवत मरेल, निशिगंधा!"

"मरू दे."

त्याने एकदा ग्रीनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. कुणी त्याची मुलगी मागितल्यासारखा चेहरा झाला होता.

"...बरं," तो म्हणाला.

स्पर्धेत माझा एकतिसावा नंबर आला. छत्तीस जणी होत्या.

शुक्रवारी सकाळी घरी बॅग टाकली आणि "अगो, चहा तरी पी" असं आई म्हणेपर्यंत माझी स्कूटर आरे-वारेच्या चढावर होती. नवव्या ग्रीनवर होल तिथेच होता, काकूंनी छत्री रोवली तिथेच. भोवतीचं गवत पिवळं पडलं होतं, कडा पार ढासळलेली. त्याच्या शेजारी गुरुप्रसाद उकिडवा बसला होता.

"मेलं?" मी विचारलं.

"मेलं. येईल परत. पाणी घातलं तर पंधरा दिवसांत."

"मी आहे पंधरा दिवस."

"आणि पुढे?"

"पुढे पण आहे," मी म्हटलं, आणि त्याच्या डब्याचं झाकण उघडलं. आज त्यात घावणी जास्त होती.

मैदानाच्या कचेरीत एक तक्रारवही दोरीने टांगलेली असते. तिच्यात त्या आठवड्याच्या पानावर आप्पांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलंय: 'नवव्या होलची जागा पाच दिवस बदललेली नाही. गवताचे नुकसान. कारण कळवावे.'

त्याखाली गुरुप्रसादचं बारीक अक्षर आहे: 'कारण शुक्रवारी सकाळी परत आले आहे.'