मागच्या खोलीतलं अंथरूण

"पुन्हा?" आत्याने मागच्या खोलीच्या दारातूनच विचारलं. "भिंगरी, रविवारी पाहुणे येणार. त्यांना असं अंथरूण दाखवायचं का?"

भिंगरी पलंगाकडे बघतच राहिली. सकाळी तिने चादर इतकी ताणून खोचली होती की ढब्बूने वर टाकलेली गोटी टुणकन उडाली होती. आता चादरीला शंभर चुण्या, उशीला खळगा आणि खिडकीचा पडदा ओढलेला. सलग तिसरा दिवस होता हा.

"पुढची खोली बघ जरा," असं म्हणून आत्या निघून गेली, आणि भिंगरी धुसफुसत चादर पुन्हा ताणू लागली.

त्याचं असं झालं होतं. आत्याच्या घरामागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेलं एक रिकामं घर होतं. ते आता दोन-चार दिवसांसाठी येणाऱ्या पाहुण्यांना द्यायचं ठरलं होतं. सुट्टीला आलेल्या भाचरांना आत्याने लगेच कामाला जुंपलं. मागची खोली भिंगरीने लावायची, पुढची काकाच्या मुलीने. भिंगरीचा धाकटा भाऊ ढब्बू याच्याकडे स्वयंपाकघर. जिची खोली उत्तम राहील तिने पहिल्या पाहुण्यांच्या हातात घराची किल्ली द्यायची. भिंगरीला ती किल्ली हवी होती, आणि आपल्याला मिळाली नाही तरी एक वेळ चालेल, पण काकाच्या मुलीला मिळता कामा नये, असंही तिला वाटत होतं.

काकाच्या मुलीला ती मनातल्या मनात 'कौतुकबाई' म्हणायची. कारण उघड होतं. तिने पलंगावर अकरा उशा उंचीप्रमाणे मांडल्या होत्या आणि पडद्यांना स्वतःच्या हाताने निळी किनार शिवली होती. शेजारच्या बायका मुद्दाम बघायला यायच्या. मागच्या खोलीत डोकावून त्या फक्त "छान" म्हणायच्या, तेही जाता जाता. भिंगरीने तिथे काय केलं होतं? रोज पलंगावर आडवं पडून, काय टोचतं, काय कुरकुरतं ते शोधलं होतं. पलंगाच्या एका पायाखाली पुठ्ठा सारला होता, दिवा हाताला येईल असा ठेवला होता. असलं काही दारातून दिसत नाही.

"हे काम तिचंच," ती ढब्बूला म्हणाली. "माझी खोली विस्कटायची आणि आपण नामानिराळं राहायचं."

"पुरावा?"

"तिचा चेहरा बघ. इतका गोड चेहरा कुणाचा असतो का?"

"हा पुरावा नाही," ढब्बू म्हणाला. "हा जळफळाट आहे."

त्या संध्याकाळी भिंगरीने एक वाईट काम केलं. पुढच्या खोलीत जाऊन तिने पडद्याची किनार वीतभर उसवली. दुसऱ्या दिवशी सकाळी कौतुकबाई खिडकीशी बसून ती पुन्हा शिवत होती. तक्रार नाही, आदळआपट नाही. भिंगरीला लाजही वाटली आणि रागही आला. निदान भांडायचं तरी हिने!

युक्ती शेवटी ढब्बूलाच सुचली. "आज दुपारी तिला आपल्यासोबतच ठेवू. तरी अंथरूण विस्कटलं, तर ती निर्दोष."

दोघांनी तिला दुपारी सोबत पहारा करायला बोलावलं. "कशाला उगाच?" कौतुकबाई कुरकुरली. भिंगरीने ढब्बूला कोपरखळी मारली. चोराच्या मनात चांदणं!

जेवणं झाल्यावर तिघं मागच्या घराच्या स्वयंपाकघरात, नव्या गादीच्या खोक्यामागे दडून बसली. थोड्या वेळाने मागचं दार वाजलं. जड पावलं मागच्या खोलीत गेली. पडद्याच्या कड्या खळखळल्या, पलंगावर काहीतरी धपकन पडलं. मग घोरणं सुरू झालं.

"आतोबा!" ढब्बू तोंडावर हात दाबून म्हणाला.

आत्याचे यजमान, म्हणजे आतोबा, चार दिवस दुपारी पाना घेऊन निघत आणि "मागच्या घरातला नळ गळतोय, बघून येतो," असं आत्याला सांगत. नळ अजून गळतच होता.

चोर सोडून संन्याशाला फाशी! तीन दिवस बोलणी कुणी खाल्ली? भिंगरीने ढब्बूला आत्याकडे पिटाळलं. आत्या फाटकात दिसताच तिने पुढच्या दाराची घंटा दणादण वाजवली आणि आवाज जाड करून ओरडली, "कुणी आहे का? आम्ही एक दिवस आधीच आलो!"

आत धावपळ झाली, पाना खाली पडला, दार उघडलं. आतोबांचे केस उभे होते आणि गालावर उशीच्या वेलबुट्टीचा ठसा होता. "या, या," ते म्हणाले. "आत्ताच खोली आवरत होतो."

"दिसतंय," आत्या म्हणाली.

पितळ उघडं पडल्यावर आतोबांनी हात जोडले. "पहिल्या दिवशी पुढच्या खोलीत गेलो होतो गं. पण त्या अकरा उशा ठेवायच्या कुठे? दिवाही थेट डोळ्यांवर. मागच्या पलंगावर मात्र पाठ टेकली आणि झोप कधी लागली ते कळलंच नाही. मला दोष देऊ नका, खोलीच तशी लावलीय पोरीने."

आत्याने भिंगरीकडे बघितलं. "चुकलं माझं. किल्ली तू देशील."

भिंगरीला हवं होतं ते सगळं मिळालं. तिने ऐटीत कौतुकबाईकडे पाहिलं आणि चपापली. तो चेहरा तिच्या ओळखीचा होता. गेले चार दिवस तिचा स्वतःचा चेहरा अगदी तसाच होता.

"तुझी किनार मी उसवली," आत्या गेल्यावर भिंगरी म्हणाली.

"माहितीये." कौतुकबाई खाली बघत होती. "आणि आतोबा तिथे झोपतात हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी मुद्दाम बोलले नाही. सगळे नुसते माझी खोली बघायला येत होते, गं. झोपावंसं तर आतोबांना तुझ्याच खोलीत वाटलं."

"म्हणजे तूही?" ढब्बू म्हणाला. "छान. दोघी सारख्याच."

दोघींनी मिळून त्याला बाहेर घालवलं.

रविवारी पाहुणे आले. भिंगरीने किल्ली दिली. पाहुण्याबाई दार उघडून आत गेल्या आणि पुढच्या खोलीत थबकल्या.

"किती सुंदर! ही तूच लावलीस ना?"

 किल्ली भिंगरीने दिली आणि कौतुक मात्र पुन्हा त्याच खोलीचं! आत्या बाहेर फाटकाशी सामान मोजत होती, कौतुकबाई पायरीवर. हो म्हटलं असतं तर त्या बाईंना काय कळणार होतं?

"नाही," ती म्हणाली. शब्द जरा अडखळतच निघाले. "ही माझ्या बहिणीने लावलीय. पडद्यांची किनारही तिनेच शिवलीय. मी मागची लावली. झोप मात्र तिथेच चांगली लागते."

बाई हसत मागे गेल्या. सामान घेऊन येणाऱ्या आत्याने ते दारातूनच ऐकलं होतं. तिने बॅग खाली ठेवून भिंगरीच्या पाठीवर हात ठेवला. "किल्ली योग्य हातात दिली मी," ती म्हणाली.

आत्या आत गेल्यावर पायरीवरची बहीण पुटपुटली, "ते झोपेचं सांगायलाच हवं होतं का?"

"हवंच होतं," भिंगरी म्हणाली आणि तिच्या शेजारी बसली.