काचेच्या वाटीतला मणी

"चालली... चालली... आणि मेली!" रेडिओ ओरडला.

वळणापाशी मोटरसायकलने दोन उचक्या दिल्या, 'फट्' असा आवाज केला आणि ती गप्प झाली. आत्याने पाय टेकले, हेल्मेट काढलं आणि मागे वळून पाहिलं. फाटकापाशी उभ्या असलेल्या पानाचा चेहरा एवढासा झाला.

पाना म्हणजे आत्याची भाची. शाळेच्या हजेरीपटात तिचं नाव निराळं होतं; पण सहावीपासून तिच्या हातात कायम कुठला तरी पाना असायचा, म्हणून सगळे तिला पानाच म्हणत. शेजारचा मुलगा झोपेतसुद्धा बोलायचा, म्हणून तो रेडिओ. आणि पानाची दहा वर्षांची चुलत बहीण दर वाक्याला प्रश्न विचारायची, म्हणून ती शंका.

मोटरसायकल आत्याची होती. सत्तर सीसीची, बारीक चणीची, हिरवी. आत्या गुरांची डॉक्टर. तरुणपणी ती याच गाडीवर गोठ्यागोठ्यांतून हिंडली होती. मग गाडी पत्र्याच्या शेडमध्ये गेली आणि तिच्यावर कोंबड्या बसू लागल्या. या सुट्टीत पानाने ती सुटी सुटी करून पुन्हा जोडली होती. पिस्टनच्या रिंगा बदलल्या, कार्बोरेटर धुतला, ठिणगी वेळेवर पडावी म्हणून पॉइंटमधली फट पुन्हा पुन्हा जमवली.

पण चौकातल्या हॉटेलवाल्यांचा त्या गाडीवर डोळा होता. त्यांना ती चालवायची नव्हती, भिंतीवर टांगायची होती!

"दिव्यात रंगीत बल्ब लावू," ते परवाच टेपने हँडल मोजता मोजता म्हणाले होते. "खाली मस्त फोटो काढतील लोक!"

आत्याने त्यांना शब्द दिला होता. शनिवारी गाडी तिला घेऊन टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत न थांबता चढली, तर गाडी घरात राहील. नाही चढली, तर भिंतीवर जाईल.

"आत्या, परवापर्यंत छान चालत होती गं!" पाना रडकुंडीला आली.

"मग ट्यूनिंगमध्ये काहीतरी राहिलं असेल, बाळा. गाडी खोटं बोलत नाही."

पाना पुन्हा स्क्रू पिळायला बसली. पाव फेरा आत, अर्धा फेरा बाहेर. इंजिन सुरू व्हायचं, छान गुणगुणायचं आणि मग घशात काही अडकल्यासारखं ठसकून बंद पडायचं. तिने हात टेकले.

"तायडे," शंकेने विचारलं, "परवा आणि आज यात बदललं काय?"

"काही नाही गं. तोच प्लग, तोच कार्बोरेटर..."

"तेच पेट्रोल?"

पाना थबकली. जुन्या डब्यातलं पेट्रोल संपलं होतं. काल आत्याने चौकातल्या पंपावरून नवीन आणलं होतं!

टाकीखाली, पेट्रोलच्या कॉकला लागून, काचेची एक लहानशी वाटी होती. हल्लीच्या गाड्यांना अशी वाटी नसते. टाकीतला गाळ इंजिनात न जाता तिच्यात साचतो. पानाने वाटी दहा वेळा पाहिली होती, गाळाचा कणही नव्हता. आता तिने वाटीमागे पांढरा कागद धरला आणि रेडिओला गाडी हलवायला सांगितली.

वाटीच्या तळाशी एक मोठा थेंब गोटीसारखा इकडून तिकडे घरंगळला.

"मणी!" शंका किंचाळली.

"मणी कसला, पाणी!" पाना म्हणाली. "पेट्रोलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसलंय. पण हे गुलाबी कसं?"

आत्याने गाडी अंगणात घेतली, कॉक बंद केला आणि वाटी सोडवून तो थेंब औषधाच्या छोट्या बाटलीत घेतला. पानाने बाटली हलवली. बाटलीत फेस आला!

"साबणाचं पाणी?" रेडिओचे डोळे मोठे झाले. "म्हणजे नक्की कुठेतरी पाणी मुरतंय! ऐका, आज सकाळी आमचे ड्रॉइंगचे सर स्कूटर ढकलत चालले होते. दूधवाले काकाही ढकलत होते. मला वाटलं, व्यायाम करतायत!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं पंपासमोरच्या कठड्यावर जाऊन बसली. हा पंप म्हणजे गावातला सगळ्यात स्वच्छ पंप. मॅनेजरांचा शर्ट कडक इस्त्रीचा, बूट चकचकीत. त्यांनी टिचकी वाजवताच एका माणसाने फरशीवर गुलाबी साबण ओतला आणि नळी सोडली. फेसाळ पाणी वाहत वाहत एका गोल लोखंडी झाकणापाशी खळग्यात जमलं. जमिनीखालची टाकी भरायला टँकर येतो, तेव्हा तेच झाकण उघडतात.

थोड्या वेळाने खळग्यातून बुडबुडे आले. 'गुळूक!' खळगा हळूहळू रिकामा झाला.

"ते पाणी कुठे गेलं?" शंकेने विचारलं.

या वेळी तिला उत्तर द्यायची गरज नव्हती.

पाना सरळ मॅनेजरांकडे गेली. "काका, तुमच्या झाकणातून पाणी आत जातंय. रबराची रिंग खराब झाली असेल."

मॅनेजर हसले. "अगं पोरी, आमच्या टाकीत थेंब जायचा नाही! गाडी जोडता येत नाही, तर पंपाला कशाला नावं ठेवतेस? जा, घरी जाऊन भातुकली खेळ."

पानाचे कान तापले. तिने तोंड उघडलं, पण रेडिओने तिचा हात दाबला आणि आपला सगळ्यात गोड आवाज काढला.

"काका, तिचं सोडा हो! आम्हाला सुट्टीत 'गावातली आदर्श जागा' असा प्रकल्प आहे. मी तर तुमचाच पंप निवडलाय. तुमचा फोटो काढू? टाकी तपासताना! ती पितळी मोजकाठी हातात घेऊन!"

"फोटो?" मॅनेजरांनी कॉलर ठीक केली. "काढ की!"

"आणि काका, काठीला ती पेस्टही लावाल ना? पाणी लागलं की लाल होते ती?" पाना अगदी भोळेपणाने म्हणाली. "फोटोत रंग छान दिसेल."

"तिने काठी खराब होते गं. मी लावत नाही सहसा... पण बरं, तुमच्यासाठी म्हणून!"

कपाटातून धूळ बसलेली ट्यूब निघाली. मॅनेजरांनी झाकण उघडलं, पेस्ट लावलेली काठी ऐटीत आत सोडली, क्षणभर थांबून वर काढली आणि कॅमेऱ्याकडे पाहून हसले.

"काका," शंका म्हणाली, "एवढी लाल व्हायला हवी का?"

काठीचं टोक वीतभर लालभडक झालं होतं. मॅनेजरांच्या तोंडचं पाणी पळालं. टाकीतलं मात्र तिथेच होतं!

'क्लिक!' रेडिओने फोटो काढला.

तोवर मागे स्कूटर ढकलत ड्रॉइंगचे सर आले होते. त्यांनी काठी पाहिली, झाकणाची फाटकी रिंग पाहिली. "मॅनेजरसाहेब," ते शांतपणे म्हणाले, "पंप आत्ताच्या आत्ता बंद करा."

पंप लगेच बंद झाला. दुपारी कंपनीची माणसं टाकी उपसायला आली.

शनिवारी सकाळपर्यंत पानाने गाडीची टाकी आणि कार्बोरेटर पुन्हा धुऊन वाळवला होता. आत्याने दुसरीकडून पेट्रोल आणलं. पानाने इंजिनाच्या आवाजाकडे कान लावून स्क्रू हळूहळू फिरवला. आवाज अडखळला, सुधारला, एकसारखा झाला. तिने हात काढून घेतला.

हॉटेलवाले टेम्पो आणि दोर घेऊन हजर होते. आत्याने हेल्मेट चढवलं आणि ती निघाली. वळण आलं. वळण गेलं!

गाडी चढाला लागली. आवाज जड झाला, बारीक झाला आणि झाडांमागे नाहीसा झाला.

"बंद पडली?" हॉटेलवाल्यांनी दोर उचलला.

"थांबा ना जरा!" पाना म्हणाली.

आणि मग टेकडीच्या माथ्यावरून हॉर्न ऐकू आला. पी-पी-पीऽऽ! हिरव्या ठिपक्याने पाण्याच्या टाकीला फेरी मारली आणि तो खाली येऊ लागला.

मॅनेजरही येऊन गर्दीच्या मागे उभे होते. ते पुढे आले. "पोरी, चूक माझी होती. तू सांगितलंस तेव्हाच ऐकायला हवं होतं."

"एवढ्या लहान थेंबावरून एवढी मोठी टाकी पकडली!" सर म्हणाले. "शाब्बास! तिघांनाही!"

"अहो, पण मी भिंतीवर आता काय टांगू?" हॉटेलवाले हिरमुसले.

"काकांचा फोटो आहे माझ्याकडे," रेडिओ म्हणाला. "काठीसकट!" मॅनेजरसुद्धा हसले.

आत्या आली ती गालभर हसतच. पांढरे केस विस्कटले होते, डोळ्यांत वाऱ्याने पाणी आलं होतं. तिने इंजिन बंद केलंच नाही. पानाला जवळ ओढून म्हणाली, "मी तुझ्या ट्यूनिंगवर शंका घेतली, बाळा. वर चढताना मात्र कळलं, ते अगदी बिनचूक होतं. आजपासून गाडी तुझी. परवाना मिळेपर्यंत मी चालवीन आणि तू मागे बसून ऐकायचं, कुठे काय वाजतंय ते."

"आत्याऽ!" पानाने तिला घट्ट मिठी मारली.

"आणि आम्ही कुठे बसायचं?" शंकेने विचारलं.