सपाट शहरातला डोंगर

इमारतींच्या भिंतींना गेलेले तडे तपासणं हे माझं काम. तडा नुसता गिलाव्याचा आहे की आतपर्यंत गेलाय, वाढतोय की थांबलाय, हे बघायचं, फोटो काढायचे आणि साहेबांपुढे ठेवायचे. कामाचा कॅमेरा एका जिन्यावरून घरंगळला आणि निकामी झाला, म्हणून दुसरा घेणं भाग पडलं.

दुकानदारानं काउंटरवर दोन मांडले. एक नवाकोरा, खिशात मावणारा, हमीसकट. दुसरा वापरलेला, पण वरच्या दर्जाचा. जाडजूड लेन्सचा, हातात घेतला की मनगट खाली जाईल असा.

"नवा घे," नवरा म्हणाला. "वापरलेली वस्तू म्हणजे दुसऱ्याच्या सवयी घरात आणणं."

"मला तड्याच्या तळाचं दिसायला हवंय. खिशात मावतो म्हणून काय करू?"

दुकानदार जुन्या ओळखीचा. आमचं हे किती वेळ चालेल याचा त्याला अंदाज असावा. "ताई, दोन्ही घेऊन जा. थोडे दिवस वापरा, नको असेल तो परत आणा."

घरी आई होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती आमच्याकडेच होती. हाड जुळलं होतं, डॉक्टर चालायला सांगत होते. पण ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. काही विचारलं तर "हं" म्हणायची, बस. बाबा गेले तेव्हाही ती इतकी गप्प झाली नव्हती.

दुपारी मी दोन्ही कॅमेरे घेऊन गॅलरीत गेले. आमचा चौथा मजला. समोर गच्च्या, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी, आणि पार टोकाला बंद कारखान्याची चिमणी. हे शहर ताटासारखं सपाट आहे. चढ म्हणावा असा इथे फक्त पुलाचा.

दोन्हींनी एकच दृश्य टिपलं आणि फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिले. नव्याचा फोटो स्वच्छ होता. जुन्याचा त्याहून कितीतरी सरस. चादरीची शिवणसुद्धा मोजता यावी असा. फक्त चिमणीच्या मागे एक फिकट निळसर रेघ होती.

मी लेन्स पुसली. रेघ राहिली.

"बुरशी धरली असेल आत," नवरा म्हणाला. "सांगत होतो."

मलाही तेच वाटलं. पण लेन्समधला डाग कॅमेऱ्याबरोबर फिरतो. मी कॅमेरा दुसऱ्या बाजूला वळवला, रेघ नाही. पुन्हा चिमणीकडे वळवला, रेघ जिथल्या तिथे. डाग काचेवर नव्हता.

दुसऱ्या दिवशी रेघेला उतार आला होता. त्यानंतरच्या फोटोत उताराच्या वर पांढरं काहीतरी चमकत होतं. मी फोटो मोठा करून पाहिला आणि खुर्चीत बसले. तो डोंगर होता. त्याच्या खांद्यावर ढग अडकले होते, आणि ढगांच्या वर, जिथे मला आभाळ संपलं असं वाटलं होतं, तिथून त्याचं शिखर सुरू होत होतं. समोरची चिमणी त्याच्या पायाशी काडीसारखी उभी होती. मी डोळ्यांनी बाहेर पाहिलं. चिमणी, आणि मागे मोकळं ऊन.

भीती वाटायला हवी होती. मला वाटलं ते वेगळंच. खूप मोठ्या माणसासमोर आपण नकळत उठून उभे राहतो, तसं काहीसं. मी खरोखरच उठून उभी होते.

त्या आठवड्यात एका गोदामाच्या भिंतीचे फोटो काढले. भिंतीला एक उघडी खिडकी होती, चिमणीच्या दिशेची. साहेबांनी फोटो पाहिला आणि तडा सोडून खिडकीवर बोट ठेवलं.

"हे काय चिकटवलंय?"

"काही चिकटवलं नाही."

"गंमत घरी करत जा," ते म्हणाले आणि फोटो माझ्याकडे सरकवला. मग तो पुन्हा ओढून घेऊन बराच वेळ बघत बसले.

त्या संध्याकाळी मी तो फोटो आईला दाखवला. का दाखवला, ते सांगता येणार नाही. ती भिंतीकडेच बघत होती. मी कॅमेऱ्याचा पडदा तिच्या डोळ्यांसमोर धरला. तिनं हात पुढे केला.

"माझा चष्मा दे."

चष्मा लावून ती बघत राहिली. तिचा श्वास संथ होत गेलेला मला ऐकू येत होता.

"केवढा आहे गं," ती हळूच म्हणाली. मग म्हणाली, "मला तिकडे ने."

वॉकरला धरून, भिंतीला टेकत, ती गॅलरीपर्यंत चालत गेली. नवरा हातातला कप तसाच धरून बाजूला झाला. "इतके डॉक्टर झाले," तो माझ्या कानाशी पुटपुटला, "आणि बुरशी आलेल्या लेन्सनं उठवलं." पण त्याचा आवाज थट्टेचा नव्हता.

आई मग रोज गॅलरीत बसू लागली. जेवू लागली, भाजीत मीठ कमी आहे म्हणू लागली. मी फोटो काढायचे, ती बघायची. डोंगर जवळ येत होता. आधी तो चिमणीच्या मागे होता, मग चिमणी दिसेनाशी झाली, मग पुलापलीकडच्या इमारती. माझी नजर दगड ओळखते. त्या कड्यांमध्ये तडे होते, घराएवढे रुंद, आणि त्यांतून पाणी झरत होतं. पण कुठे सांधा नव्हता, डागडुजी नव्हती. आयुष्यभर मी माणसांनी बांधलेलं ढासळताना पाहत आले. हे कुणी बांधलेलंच नव्हतं.

शेवटच्या फोटोत समोरची गच्ची होती. तिच्या कठड्यामागे ओला, काळा कातळ. फोटोच्या वरच्या कडेपर्यंत तोच.

मी कॅमेरा खाली ठेवला.

"परत देऊन टाक तो," आई म्हणाली. "तुझ्या कामाला नवाच बरा."

"आणि तू काय बघणार?"

"मला आता त्याच्याशिवाय दिसतं." चष्म्याचा नंबर उतरला म्हणून सांगावं, तसं तिनं सांगितलं.

"काय दिसतं, आई?"

"आज बर्फ बराच खाली आलाय." तिनं शाल गळ्याशी ओढून घेतली. मला उकडत होतं.

दुकानदारानं कॅमेरा उलटापालटा करून पाहिला. "काय झालं? चांगला नाही निघाला?"

"चांगला आहे. आई म्हणाली, आता त्याच्याशिवाय दिसतं."

लेन्स पुसणारा त्याचा हात थांबला.

"ज्या बाईंनी विकला, त्या हेच म्हणाल्या होत्या," तो म्हणाला. "मला वाटलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल."

त्यानं कॅमेरा काचेच्या कपाटात ठेवला नाही. फडक्यात गुंडाळून खालच्या खणात सरकवला.

मी नवा घेऊन घरी आले. ऊन कलायला लागलं होतं. आई गॅलरीत होती, मान मागे टाकून वर बघत. समोर गच्ची, टाकी, आणि निव्वळ आभाळ. पक्ष्यांचा एक मोठा थवा वरून चालला होता. हात बसावा म्हणून मी त्याचा एक फोटो काढला.

फोटो साधा होता, खरा होता. डोंगर नव्हता. आभाळाचा कोपरान् कोपरा स्वच्छ. थवा पंख पसरून पुढे गेला होता.

एक पक्षी मात्र मागे राहिला होता. समोरच्या गच्चीच्या कितीतरी वर, रिकाम्या आभाळात, पंख मिटून तो बसला होता.